साठची कॅसेट

“सगळं भरा, बेंडाळेभाऊ. काही सोडू नका,” यमुनामावशी म्हणाल्या आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा त्यांनी माझ्या काउंटरवर ठेवला.

डब्यात एक मर्दानी रुमाल होता आणि रुमालात टेपचं स्पूल. मी टेपचं टोक चिमटीत धरून वीतभर उलगडलं, तर बोटांना विटकरी भुकटी लागली.

“हे कुठं ठेवलं होतं मावशी?”

“माळ्यावर. चुलीच्या वरती.”

“किती वर्षं?”

“ते गेले तवापासून. पंधरा झाले.”

मी कपाळावर हात मारून घेतला. टेपवर आवाज धरणारा जो थर असतो, तोच सुटून माझ्या बोटांना लागला होता. पंधरा वर्षं चुलीची धग खाऊन त्या टेपचा पार पापड झाला होता.

“मावशी, ही एकदाच चालेल. मशीनवर लावली की निम्मा माल मशीनला चिकटणार. मध्ये थांबवता येणार नाही. थांबवली की तिथंच तुटेल. पुन्हा ऐकायची म्हणाल तर काही उरणार नाही.”

“एकदाच चालू द्या. पन कॅसेटीत सगळं येऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मार्टिन येऊ राह्यला रविवारी. दुबईला चालला तो. म्हने, परत येनार नाही इकडे. त्याले बापाचा आवाज ऐकवायचा आहे मले. मंग जायचं तर जाऊ दे.”

हे एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरातलं. भुसावळला माझं ‘बेंडाळे रेकॉर्डिंग सेंटर’ होतं. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी आणून द्यायचे, मी भरून द्यायचो. यमुनामावशी रेल्वेच्या दवाखान्यात आया होत्या. माझ्या दोन्ही मुली जन्मल्या तेव्हा पहिली आंघोळ त्यांच्याच हातची. वय पन्नाशीच्या आसपास, बोलणं मोजकं, दोन्ही हात ओकेबोके. दवाखान्यात बांगड्या चालत नसतील, असं मला वाटायचं.

‘ते’ म्हणजे नोएल वॉटकिन्स. रेल्वे कॉलनीतला अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर. मावशी त्याच्या बंगलीत आठ वर्षं राहिल्या, मार्टिन तिथंच झाला. शहात्तर साली काविळीने साहेब गेला, आणि त्याच दिवशी त्याची बहीण मॉड येऊन गिटार, रेकॉर्डी, भिंतीवरचं घड्याळ सगळं घेऊन गेली. कॉलनीत ती सांगत सुटली, की यमुना आमच्या नोएलची स्वयंपाकीण होती. गावाला तेवढंच पाहिजे होतं. शाळेत मार्टिनला पोरं ‘साहेबाचं’ म्हणून हाक मारायची.

आता माझं सांगतो, कारण खरी चूक माझी आहे.

मला ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या दुःखाच्या गाण्यांचं, वेड होतं. भुसावळातल्या लेवा पाटलाच्या पोराला हे वेड कुठून लागलं, असं लोक विचारायचे. कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं ऑस्ट्रेलियाला निघाली की घरातलं सामान विकून टाकायची. एकदा मी एक लाकडी खोकं घेतलं, खोक्यासाठीच घेतलं, आणि तळाशी सहा रेकॉर्डी निघाल्या. पहिली लावली. एक माणूस गिटारवर एक ओळ म्हणत होता, तीच ओळ पुन्हा म्हणत होता, आणि मग तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देत होता. जात्यावरच्या बायकांना हे नवीन नाही. माझी आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, “अरे, कोन मेलं रे याचं?” इंग्रजी तिला ओ की ठो येत नव्हतं, पण तिला बरोबर कळलं होतं.

तिथून पुढे वीस वर्षांत मी दोनशेच्या वर रेकॉर्डी जमवल्या. त्यातही माझा जीव थेट मैफलीच्या रेकॉर्डींवर. स्टुडिओत माणूस मशीनसाठी गातो आणि क्लबात माणसांसाठी, असं मी येईल त्याला ऐकवायचो. मागे कुणी ओरडतंय, कुणी खोकतंय, ग्लासला ग्लास लागतोय, ते ऐकायचं तर थेट रेकॉर्डिंगच घ्या. माझी गिऱ्हाइकं सिनेमाच्या गाण्यांची यादी हातात धरून हे प्रवचन निमूट ऐकायची.

आणि वॉटकिन्स ब्लूज गायचा. त्र्याहत्तरच्या नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे रेल्वेवाल्यांच्या क्लबाच्या, लाकडी फ्लोअरच्या हॉलमध्ये तो तासभर गायला होता, हे मी दहा जणांकडून ऐकलं होतं. सेक्रेटरीने ते स्पूलवर घेतल्याचंही ऐकलं होतं. ते स्पूल मॉडने ऑस्ट्रेलियाला नेलं, असंच मी धरून चाललो होतो. शिकागोची मैफल पैसे टाकले की मिळते. भुसावळची जगात एकच होती, आणि ती आता माझ्या काउंटरवर रुमालात पडली होती. मावशींना मी म्हणालो, “ठेवून जा. रविवारी तयार असेल.”

“सगळं भरजा हं,” जाता जाता त्या पुन्हा म्हणाल्या.

मला जरा रागच आला. दहा-बारा वर्षं हा धंदा करणाऱ्याला हे काय सांगायचं?

गुरुवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी कामाला बसलो. स्पूलचं मशीन पुसून घेतलं. त्याला दोन कॅसेट डेक जोडले. रेकॉर्डिंग अंदाजे पन्नास मिनिटांचं होतं, म्हणजे कॅसेटची बाजू एकदा तरी उलटावी लागणार. नव्वद मिनिटांची कॅसेट घेतली असती तर पंचेचाळीस मिनिटं निवांत मिळाली असती, पण नव्वदची टेप पातळ असते, आवाज मार खातो. मी साठच्या घेतल्या, उत्तम प्रतीच्या. एका बाजूला तीस मिनिटं.

आमच्या धंद्यात एक नियम होता. गाणं मध्ये तोडायचं नाही. बाजू संपत आली की निवेदन, टाळ्या, बोलणं यायची वाट बघायची आणि तेवढ्यात कॅसेट उलटायची. बोलण्यासाठी कोणी कॅसेट भरून घेत नाही. कीर्तन असो, कव्वाली असो, मी तसंच करत आलो होतो आणि एकाही गिऱ्हाइकाची कधी तक्रार आली नव्हती.

मी स्पूल सोडलं.

त्या आवाजाबद्दल काय सांगू? आधी पावलं वाजली, गिटारच्या तारा जुळवल्या गेल्या, आणि मग वॉटकिन्सने ओळ उचलली. मोठा आवाज नव्हता. इंजिनच्या धुराने खरवडलेला, थकलेला आवाज. एक ओळ म्हणून तो थांबायचा, गिटारला बोलू द्यायचा, मग तीच ओळ अशी म्हणायचा जणू पहिल्यांदा ती त्यालाच पटली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडे विटकरी भुकटी मशीनवर सांडत होती, आणि मागे जाणारी टेप जागोजाग काचेसारखी आरपार दिसत होती. जे वाजलं ते संपलं, असं चाललं होतं.

तिसरं गाणं सत्ताविसाव्या मिनिटाला संपलं. टाळ्या पडल्या. वॉटकिन्स काहीतरी बोलायला लागला. मी वाटच बघत होतो. दोन्ही डेक बंद केले, दोन्ही झाकणं उघडली, दोन्ही कॅसेट काढल्या, उलटल्या, बसवल्या, दोन्ही बटणं दाबली. दोन्ही हातांनी. त्यातून एक झाकण नीट बसेना. सगळी मिळून पंचवीस-तीस सेकंदं गेली असतील. स्पीकर चालू होता, पण शब्दांकडे माझं लक्ष नव्हतं; हॉलमध्ये एकदा हशा पिकल्याचं तेवढं आठवतं. नंतर काही सरकल्याचा आवाज, ग्लासांची किणकिण, आणि चौथं गाणं सुरू झालं. त्याची पहिली तारसुद्धा मी चुकू दिली नव्हती. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

शेवटचं गाणं संपता संपता टेप तीन ठिकाणी तुटली. माझं काम झालं होतं.

रविवारी दुपारी पावणेतीनला मावशी मार्टिनला घेऊन आल्या. उंच, गोरा, घारा पोरगा, बावीस वर्षांचा. आल्या आल्या त्याने बॅग दाराशीच ठेवली, आत आणली नाही. साडेचारच्या गाडीने तो मुंबईला जाणार होता आणि मंगळवारी तिथून विमानाने.

“बस बेटा,” मी म्हणालो.

“ठीक आहे, उभा राहतो.”

“बस ना रे,” मावशी म्हणाल्या. तेव्हा तो स्टुलावर टेकला.

मी कॅसेट लावली आणि त्याच्याकडे बघत राहिलो. पहिल्या ओळीला त्याची मान वर आली. वडील गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. दुसऱ्या गाण्याला तो डोकं धरून खाली बघत होता. मला वाटलं, मावशी जिंकल्या. पण मावशी ऐकतच नव्हत्या. त्या कॅसेटच्या खिडकीतून फिरणाऱ्या चकत्यांकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ पुटपुटत होते. त्या गाणी मोजत होत्या.

तिसरं गाणं संपलं. टाळ्या. वॉटकिन्सचा अर्धा शब्द, आणि खट्. मी कॅसेट उलटली. सरकल्याचा आवाज, किणकिण, चौथं गाणं.

“थांबवा,” मावशी म्हणाल्या.

मी थांबवली.

“मधलं कुठी आहे?”

“मधलं काय?”

“ते बोलले ते. तिसरं गानं झाल्यावर ते बोलले होते. त्याच्याचसाठी तर आनलं होतं हे!”

मी डेकचं झाकण उगाच उघडून पुन्हा मिटलं.

मार्टिन उभा राहिला. “झालं?” तो आईला म्हणाला. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. “पंधरा दिवस झाले, आई, मी तुला पत्रांतून एक साधी गोष्ट विचारतोय. तू त्यांची बायको होतीस का घरकाम करणारी? हो म्हण नाही तर नाही म्हण. तू म्हणतेस टेपवर आहे, त्यांच्याच तोंडून ऐक. काय ऐकू? ते गातात चांगले. मग?”

“होतं रे. भाऊ, होतं ना? तुमी ऐकलं असंन.” मग त्यांची नजर माझ्या फळीवर गेली. “तुमच्यापाशी दोन मशिनी आहेत. एकीत नसंन आलं तर दुसरीत आलं असंन. बघा ना.”

“दुसरं बिघडलंय,” मी म्हणालो. “महिना झाला, बंदच आहे.”

इतक्या सहज मी हे बोललो, की माझं मलाच नवल वाटलं. दुसरी कॅसेट त्या घडीला माझ्या टेबलाच्या खणात होती, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. तिच्यातही ते बोलणं नव्हतं. पण का नव्हतं, हे मला तेव्हा, त्या क्षणी, लख्ख दिसलं. दुसरं मशीन मी वीस मिनिटं उशिरा चालू केलं असतं, तर पहिल्याची बाजू उलटताना ते चालूच राहिलं असतं. एक अक्षर सुटलं नसतं. धंद्यातलं कोणतंही शेंबडं पोर हे सांगेल, आणि मला ते सुचलंच नव्हतं. कारण दुसरी कॅसेट मला माझ्या कपाटासाठी हवी होती, अख्खी, पहिल्या तारेपासून.

मार्टिनने बॅग उचलली. मावशी त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. मला ते सहन झालं नाही.

“बोलले होते!” मी म्हणालो. “मार्टिन, मी ऐकलंय. कॅसेट उलटताना तेवढं राहून गेलं, चूक माझी. पण माझ्या या कानांनी ऐकलंय. ते म्हणाले, ‘लेडीज अँड जंटलमेन, ही माझी बायको यमुना. पुढचं गाणं तिच्यासाठी.’”

मार्टिन थबकला. त्याने बॅग खाली ठेवली नाही, पण तो वळला. “शप्पथ?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, “नाही.”

“खोटं नका बोलू, भाऊ. त्याहिनं असं नव्हतं म्हटलं. बायको हा शब्द त्याहिनं नाही काढला.” त्या खाली बघून बोलत होत्या. “मी मांगं दाराशी उभी होती, साऱ्या आयाहिच्या संगं. साहेब लोकाहिच्या आया तठीच उभ्या राहत, पोरं सांभाळत. तू कडेवर होता माह्या. तिसरं गानं झालं नी ते म्हनले, ‘यमुना, उधर काय को खडी है? इधर आके बैठ.’ सारे हसले. त्याहिले वाटलं, मजाक करू राह्यले. मी काही हलली नाही. मंग त्याहिनं गिटार ठेवली नी सोता खाली उतरले. पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर हात ठेवला, बोलले, ‘ये कुर्सी तेरी है,’ नी ती ओढत पार ष्टेजपाशी आनली. मॉडबाई उठून चालली गेली. मी जाऊन बसली. एवढंच झालं.”

मार्टिनने माझ्या घड्याळाकडे बघितलं. गाडी साडेचारची होती आणि घड्याळात साडेतीन वाजत आले होते.

“पुन्हा लावा,” तो मला म्हणाला. “दुसरी बाजू. अगदी सुरुवातीपासून.”

मी टेप मागे घेतली आणि लावली. लाकडी जमिनीवरून काहीतरी खरखरत सरकलं. या वेळी मला ते कळलं. खुर्ची होती ती. माझ्या घाईतून शेवटची दोन सेकंदं वाचली होती. मागोमाग किणकिण. मग गाणं.

“पुन्हा.”

खुर्ची, किणकिण, गाणं.

“हे काय वाजतंय? ग्लास?” मार्टिनने विचारलं.

“हो, ग्लास,” मी म्हणालो. “अशा रेकॉर्डिंगमध्ये असतातच.”

“ग्लास नाही,” मावशी म्हणाल्या. “नाताळ म्हनून डझनभर हिरवा चुडा भरला होता मी आदल्या दिवशी. तुले मांडीवर घेतलं तं तू बांगड्याशी खेळायले लागला. त्याहिनं हातानंच खुणावलं, खेळू दे त्याले. तो माईक जवळच होता.”

मार्टिन आईच्या हाताकडे बघत होता. तो उघडा हात काउंटरवर होता. साबणाने आणि डेटॉलने पांढरा पडलेला. पंधरा वर्षं त्याने तो हात बघितला होता, त्याच हाताने जेवला होता.

“बांगड्या कधी काढल्यास तू?” त्याने विचारलं.

“काढल्या नाही. फोडल्या,” मावशी म्हणाल्या. “ते गेले त्या दिवशी. मॉडबाई सामान मोजून राह्यली होती, मी न्हानीत जाऊन फोडल्या.”

मार्टिनने बॅग खाली ठेवली. तो स्टुलावर बसला आणि आईचा हात त्याने दोन्ही हातांत धरला. स्वयंपाकीण साहेबासाठी बांगड्या फोडत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. साडेचारला गाडीची शिट्टी माझ्या दुकानापर्यंत ऐकू आली. मावशी दचकल्या. तो म्हणाला, “जाऊ दे, उद्या आहे दुसरी.”

कॅसेट घेऊन ते दोघं गेले. निघताना मावशींनी मला हात जोडले. “तुमच्यामुळे तेवढं तरी वाचलं, भाऊ,” त्या म्हणाल्या. मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मार्टिन सोमवारच्या गाडीने मुंबईला आणि तिथून दुबईला गेला, पण दर नाताळात घरी येत राहिला. माझं दुकान दोन हजार सालाच्या सुमारास बंद पडलं. रेकॉर्डी मात्र आहेत. कधीमधी पुण्या-मुंबईचे शौकीन येतात, आणि मी त्यांना खणातली ती कॅसेट ऐकवतो. ‘काय वातावरण आहे हो! ग्लास कसे वाजतायत!’ म्हणतात. मी त्यांना कधी काही सांगितलं नाही.

मागच्या वर्षी मावशी गेल्या. दिवस झाल्यावर मार्टिन माझ्याकडे आला. केस पिकलेले, वडिलांसारखेच जरा पोक काढून चालणं.

“काका, आमची कॅसेट वाजवून वाजवून संपली. आई रोज लावायची. आता नुसती खरखर येते. तुमच्याकडे काही मार्ग आहे का?”

हो ना करत मी खण उघडला आणि माझी कॅसेट त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटून बघितली. लेबलवर माझ्याच अक्षरात, तेव्हाच्या ऐटीत लिहिलेलं होतं: नोएल वॉटकिन्स, इन्स्टिट्यूट, भुसावळ, मूळ स्पूलवरून, खाली तारीख, गुरुवार, दुपारी तीन.

बराच वेळ तो ते वाचत राहिला.

“स्पूल तर एकदाच चाललं. म्हणजे दोन्ही मशीन चालू होती,” तो म्हणाला.

“हो.”

“मग हिच्यातही ते बोलणं नाही? दोन्हींची बाजू तुम्ही एकदमच उलटलीत?”

“हो.”

“आईला कधी सांगितलंत?”

“नाही.”

त्याने कॅसेट सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बटण लावलं.

“बरं केलंत,” तो म्हणाला. “ती तुम्हाला फार मानायची.”

मग तो पायऱ्या उतरून गेला. मी त्याला चहा विचारायचा राहिलो.